शाखा उघडणारे भाऊ

हे मी लिहावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर काही लिहिलेलं नाही. वडील लाकडाच्या डेपोवर कामाला होते आणि हजेरीला अंगठा लावत. इथे नागपुरात कॉलेजातल्या मुलांची भाषा ऐकली की माझी जीभ आखडते. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर जेमतेम सव्वादोन वर्षं बसलो. त्यांना वीस-वीस वर्षं ओळखणारी माणसं चांद्यात आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर मी वाचत बसलो असतो. ते काही लिहीत नाहीत, म्हणून हे धाडस. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी माझ्या वयाकडे पाहावं.

त्यांचं नाव लिहीत नाही. बँकेत सगळे त्यांना भाऊच म्हणत.

मॅट्रिक झाल्यावर मला चांद्याच्या एका सहकारी बँकेत कारकुनाची जागा मिळाली. पहिल्या दिवशी मी जाऊन उभा राहिलो तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत एक सुतळी ताणलेली होती आणि तिला बाभळीच्या काट्यांनी कागदाचे तुकडे टोचलेले होते. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं कापून केलेले तुकडे. एकावर ‘घर पाहणे’, दुसऱ्यावर ‘तिजोरीसाठी बंडी’, तिसऱ्यावर ‘पाटलांशी बोलणे (सकाळीच)’. खाली स्टुलावर एक उंच, खांद्यात वाकलेले गृहस्थ उभे राहून एक तुकडा काढून दोन हात पुढे टोचत होते. चैत्राचं ऊन, तरी अंगात काळा कोट.

हेडक्लार्क, ज्यांना आम्ही मोठे बाबू म्हणत असू, मला म्हणाले, “घाबरू नको गा. ते भाऊचं धुनं आहे. वाळलं का काढते.”

भाऊंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “बाबू, धुनं बी आधी पिळा लागते, मंग वाळू घाला लागते. तुमी वल्लंच टांगता.”

भाऊंचं काम असं होतं. बँकेला एखाद्या गावात शाखा काढायची ठरली की घर शोधण्यापासून दाराचं कुलूप उघडण्यापर्यंत सगळं त्यांनी जुळवायचं. परवानगीचे कागद, तिजोरी नेणारी बंडी म्हणजे बैलगाडी, नदीवरचा डोंगा, नेमायची माणसं आणि त्यांना शिकवणं, गावाची सभा. यातलं एक अडलं की बाकी सगळं अडतं. या कामाला तेव्हा काही नावच नव्हतं. हजेरीपटावर भाऊ वरिष्ठ कारकून होते आणि पगारही तोच. शाखा उघडली की उद्घाटनाच्या फोटोत दुसरी माणसं असत. भाऊ तेव्हा मागे पाण्याचा माठ भरला आहे की नाही ते बघत असत.

त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे सुपाऱ्यांनी फुगलेले असत. ते स्वतः सुपारी खात नसत. ज्याच्याकडून काही नवीन शिकायला मिळेल त्याच्या हातावर एक सुपारी ठेवायची आणि वाकून नमस्कार करायचा, हा त्यांचा नेम. मग तो तहसीलदार असो नाहीतर बंडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार. लग्नाचं बोलावणं करताना आपल्याकडे सुपारी देतात, त्यामुळे बँकेत रोज थट्टा चाले.

“भाऊ, कोणाचं लगन जमवून राह्यले?”

“माहंच,” भाऊ म्हणत. “पोरगी अजून सापडली नाई.”

खरं तर घरी बाई होत्या, दोन मुलींची लग्नं झालेली होती. बाई एकदा मला म्हणाल्या, “तुमच्या भाऊले सांगा, आता माह्याकडून बी काई शिका. मीठ किती टाकाचं ते तरी इचारा.” भाऊंनी तिथल्या तिथे विचारलं. बाईंनी सांगितलं. भाऊंनी सुपारी काढली, तशा बाई तोंडाला पदर लावून आत गेल्या.

ज्याला त्याला ते एकच गोष्ट विचारत, “तुह्या कामात आधी काय अन् मंग काय?” आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नसत.

एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होतो. पंगत बसली तरी भाऊ दिसेनात. शोधत गेलो तर मांडवामागे, चुलाणापाशी, पाटीपेन्सिल घेऊन धुरात बसलेले. आचारी वैतागला होता.

“काऊन जी भाऊ, इथी काऊन बसून राह्यले? पंगत तिकडं आहे.”

“मले जेवाचं नाई. मले सांग, तू पहिले काय करतोस?”

“पहिले मी कोनाचंच आयकत नाई.”

भाऊंनी ते पाटीवर लिहून घेतलं. मग आचारी हसला आणि बोलता झाला. पंगत बाराला बसायची, म्हणून भात साडेअकराला उतरला पाहिजे, म्हणून आधण अमुक वेळेला, म्हणून सरपण काल फोडलेलं हवं, म्हणून पत्रावळीची पानं परवा रानातून आलेली हवीत. तो शेवटापासून मागे मागे येत होता. भाऊ लिहीत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून धुराचं पाणी वाहत होतं. परतताना ते रस्त्यात थांबले आणि म्हणाले, “आपुन उलटं करून राह्यलो होतो गा. आपुन सरपनापासून मोजतो. हा पंगतीपासून मोजते.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतळीवरचे सगळे तुकडे काढले आणि उजव्या टोकाला ‘कुलूप उघडणे’ टोचून डावीकडे लिहायला सुरुवात केली.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत ते मला घेऊन गेले, तर दर्शन सोडून वैनगंगेच्या काठावर बसून राहिले. कोणता तंबू आधी उभा राहतो, पाणी कोण आणतं, डोंगेवाले कुठे थांबतात, ते टिपत होते. मी संकोचून म्हटलं, “भाऊ, देव?” ते म्हणाले, “देव हजार वर्षं बसून आहे, तो जात नाई. हा तंबूवाला उद्याच निंगते.” मात्र संध्याकाळी रांगेत उभे राहिले आणि गाभाऱ्यात बराच वेळ डोळे मिटून होते.

मी बँकेत लागल्याच्या दुसऱ्या वर्षी संचालक मंडळाने ठराव केला. शाखांच्या कामासाठी एक अधिकारी नेमायचा. म्हणजे भाऊ जे काम करत होते त्यालाच आता नाव आणि खुर्ची मिळणार होती. अटी तीन होत्या. सहकाराची पदविका हवी, वय पन्नाशीच्या आत हवं, आणि मंडळाची शिफारस हवी. भाऊ अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि मराठी सातवी पास. पदविकेच्या परीक्षेला ते दोनदा बसून दोनदा इंग्रजीच्या पेपरात अडले होते. योग्य माणूस मिळेपर्यंत काम भाऊंनीच पाहावं, हंगामी म्हणून, असंही ठरावात होतं.

मोठे बाबू म्हणाले, “भाऊ, खुर्ची तुमची मापून बनवली, पन तुमी बसाच्या आधी नागपूरचा एखादा बी.ए. येऊन बसन.”

भाऊंनी मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाले, “तू मॅट्रिक आहेस. तुह्यं इंग्रजी माह्यापेक्षा बरं. मले शिकवशीन?” मी गडबडून हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून बँक उघडण्याआधी तासभर आम्ही बसू लागलो. ते स्टुलावर बसत, मला खुर्ची देत. धडा संपला की सुपारी आणि नमस्कार. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस वाकतो म्हटल्यावर मी पाय मागे घ्यायचो. एकदा ते रागावले. “पाय हालवू नको. मी तुले नमस्कार करून नाई राह्यलो, तुह्या मास्तरले करून राह्यलो. तो इथी नाई म्हनून तुले घेवा लागते.”

त्यांना शब्द पाठ होत, पण वाक्य उभं राहत नसे. ते विचारत, इंग्रजीत कर्ता आधी काऊन येते, त्याले घाई काय आहे? मग मी पुस्तक आणायचो, रात्री स्वतः वाचायचो आणि सकाळी सांगायचो. आज मी कॉलेजात आहे याचं मूळ त्या तासात आहे. मला काय येत नाही हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायची की नाही याचा मी फार विचार केला. पण भाऊंनीच ती लपवली नाही, तर मी कशाला लपवू?

आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावी शाखा काढायची ठरलं. माडिया आणि गोंड वस्तीचा मुलूख. त्या बाजूला बँक कधी गेली नव्हती. चेअरमनसाहेब भाऊंना म्हणाले, “ही शाखा ठरल्या दिवशी उघडून, गाव सभासद करून दाखवा. मी स्वतः तुमची शिफारस करतो. परीक्षेचं तुमचं तुम्ही पाहा.” माझ्यासमोर म्हणाले. भाऊंच्या खुर्चीचा प्रश्न आता त्या एका दिवसावर आला होता.

भाऊंनी पंगतीपासून मोजायला घेतलं. पावसाळ्यात आष्टीला वैनगंगा भरते आणि मग जड वजन पलीकडे नेता येत नाही, म्हणून तिजोरी फाल्गुनातच कोरड्या पात्रातून बंडीने नेली. त्याआधी ते डोंगेवाल्याला विचारून आले की वाळू कुठे पक्की असते. तीन सुपाऱ्या. जंगल खात्याच्या गार्डला विचारलं की वाघाच्या रस्त्याने माणसं कोणत्या वेळी चालतात. शाळामास्तरांना गोंडी येत होती, त्यांच्याकडून चाळीस वाक्यं शिकले. घर शेणाने सारवून झालं. गावाने दोनदा बैठकीत हो म्हटलं. दिवस ठरला चैत्रातला, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचा, कारण पानं तोडायला सुरुवात झाली की गावात माणूस मिळत नाही. इतका विचार केला होता.

चेअरमनसाहेब मोटारीने आले. मोठे बाबू, मी, शिपाई सोमा, सगळे होतो. झाडाखाली साठ-सत्तर माणसं येऊन बसली. बाया वेगळ्या बसल्या होत्या. हार झाले, भाषण झालं, मास्तरांनी गोंडीत सांगितलं. लोक माना डोलवत होते. ऊन मी म्हणत होतं. मग भाऊंनी ठरवल्याप्रमाणे सोमा पन्ह्याची बादली घेऊन आला. वाटेतल्या झाडांच्या कैऱ्या आदल्या दिवशी भाऊंनी स्वतः उकडल्या होत्या, गूळ चांद्याहून आणला होता. पहिला पेला चेअरमनसाहेबांना, दुसरा गावाच्या गायत्याला. गायता म्हणजे गावाच्या देवाचं बघणारा म्हातारा. त्याने पेला हातात घेतला, वास घेतला आणि शांतपणे जमिनीवर ठेवला. मग उठला. त्याच्यामागे एकेक करून सगळे उठले. भांडण नाही, शब्द नाही. पाच मिनिटांत झाडाखाली आम्हीच उरलो आणि पन्ह्याची बादली.

चेअरमनसाहेबांच्या हातात पेला तसाच होता. “हे काय झालं?” त्यांनी विचारलं.

भाऊ म्हणाले, “साहेब, मले माहीत नाई.”

मास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं. इथे नवा आंबा आधी देवाला जातो. त्याचा सण असतो, पंडुम म्हणतात. तो झाल्याशिवाय गावात कुणी कैरी तोंडाला लावत नाही. पंडुम अजून व्हायचा होता. मास्तरांना पन्ह्याचं माहीतच नव्हतं, नाहीतर त्यांनी थांबवलं असतं.

वाळू, वाघ, तिजोरी, सगळ्यांविषयी भाऊंनी कुणाला ना कुणाला विचारलं होतं. पन्ह्याविषयी कुणालाच विचारलं नव्हतं, कारण पन्हं त्यांना माहीत होतं.

मोटार निघून गेली. चांद्याला आल्यावर अहवाल लिहायचा होता. मोठे बाबू टेबलाजवळ आले आणि माझ्यासमोरच बोलले. त्यांच्या बोलण्यात त्या दिवशी थट्टा नव्हती.

“भाऊ, उन्हाचं लिहा. उष्म्यानं लोकं उठले म्हना. साहेब बी तेच मानतीन, त्याईले बी बरं पडते. आंब्याचं लिहान तं खुर्ची गेली समजा.”

“ऊन तं होतंच,” भाऊ म्हणाले.

“मंग लिहा ना.”

“पन उन्हानं नाई उठले, बाबू. उद्या दुसरा कोनी जाईन शाखा उघडाले, तो हा कागद वाचन. तो सावली करन अन् पुन्हा पन्हंच देईन.”

त्यांनी लिहिलं, ‘गावाच्या सणाची चौकशी न करता पन्हे देवविले. गावाचा अपमान झाला. यात गावाचा दोष नाही. चूक माझी.’ मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. भाऊंनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदाकडे पाहत बसले. मला तेव्हा वाटलं की हा माणूस वेडा आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं वाटलं होतं.

चेअरमनसाहेबांनी अहवाल वाचून विचारलं, “या कागदावर मी शिफारस कशी करू?” भाऊ म्हणाले, “नका करू साहेब. पन मले तिथी अजून एकदा जाऊ द्या.”

तीन आठवड्यांनी आम्ही दोघेच गेलो. पंडुम झाला होता आणि पानांचा हंगाम सुरू होता. पहाटेपासून सगळं गाव रानात होतं. भाऊ ओसरीत बसून राहिले. दुपारी माणसं पानांचे भारे घेऊन परतली, पुडे बांधून झाले, मग गायता आमच्याकडे आला. भाऊंनी चाळीसपैकी जेवढी आठवली तेवढी गोंडी वाक्यं म्हटली. म्हाताऱ्याने ऐकून घेतली आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “तुही गोंडी राहू दे. मले मराठी समजते.”

भाऊ म्हणाले, “आमचं चुकलं.”

“आमी रागानं नाई उठलो,” गायता म्हणाला. “बसलो असतो तं पेवा लागलं असतं. पाहुन्याले नाई म्हनता येत नाई. म्हनून उठलो.” मग म्हणाला, “तुमच्या घरी एवढे लेखनीवाले. एकाच्या तोंडाले बी इचारता आलं नाई?”

भाऊंनी सुपारी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि नमस्कार केला. गायत्याने मला विचारलं, “हे काऊन?” मी सांगितलं की भाऊ शिकवणाऱ्याला देतात. म्हाताऱ्याने सुपारी फिरवून पाहिली, तोंडात टाकली, आणि म्हणाला, “मंग बस. अजून पुष्कळ आहे सांगाचं.” त्या दिवशी हार नव्हते, फोटो नव्हता. भाऊंनी गायत्याच्या हातून कुलूप उघडवलं. दिवे लागायच्या आत गाव सभासद झालं होतं.

त्या पावसाळ्यात मी नागपूरला आलो. नोकरी सोडून कॉलेजात जावं असं मला वाटायचं, पण घरातला एकच बांधलेला पगार माझा. महिनाभर मी हे भाऊंना बोललो नाही. त्यांनीच ओळखलं. माझ्या वडिलांकडे डेपोवर गेले आणि लाकडं कशी थप्पीला लावतात ते आधी तासभर शिकून घेतलं. मग म्हणाले, “पोरगं चार वर्षं उसनं द्या.” वडिलांनी काय उत्तर दिलं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. फक्त जाताना वडिलांनी ट्रंकेला नवी कडी बसवून दिली.

नागपुरात भाऊंच्या परीक्षेचं केंद्र होतं. ते तिसऱ्यांदा आले आणि माझ्या खोलीवर उतरले. माझे सोबती हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाकडून भाऊ भूमिती शिकत होते. निकाल लागला तेव्हा यादी बघायला मीच गेलो. त्यांचा नंबर नव्हता. चौथ्यांदा बसले. या वेळी नंबर होता, खालून दुसरा. मी दोनदा वाचला, मग एका अनोळखी माणसाकडून वाचून घेतला. मी कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं, ‘तुझ्या मास्तरांस नमस्कार सांग. शिफारस नाही, म्हणून खुर्ची नाही. इंग्रजी मात्र आता वाचतो.’ पन्नाशीला तेव्हा काही महिनेच उरले होते.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मीही अभ्यासात होतो. मधल्या काळात राज्यं बदलली, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. मला वाटलं, या उलथापालथीत भाऊंचं वय उलटून गेलं असेल. विचारायचा धीर झाला नाही.

मागच्या आठवड्यात पत्र आलं. अक्षर मोठ्या बाबूंचं. त्यांनी मला यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. नव्या राज्याचे एक तपासणी अधिकारी बँकेत आले होते. त्यांनी सगळ्या शाखांचे अहवाल मागवले. प्रत्येकात ‘समारंभ उत्साहात पार पडला’ असंच होतं. एकाच अहवालापाशी ते थांबले आणि म्हणाले, हा लिहिणारा माणूस मला दाखवा. भाऊ तेव्हा गावाला गेले होते. दोन दिवस ते साहेब त्यांच्यासाठी थांबले. पुढच्या बैठकीत शिफारस चेअरमनसाहेबांनी स्वतः मांडली. पन्नास पुरी व्हायला अठरा दिवस बाकी असताना हुकूम निघाला. दक्षिणेकडच्या सगळ्या नव्या शाखा भाऊंकडे दिल्या आहेत, मुक्काम सिरोंचा. तिकडे तेलुगू चालते, म्हणून भाऊंनी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या प्राथमिक शाळेत जाऊन पहिलीच्या वर्गात बसायची परवानगी मागितली. बँकेच्या नव्या साहेबाला नाही कसं म्हणायचं म्हणून मास्तरांनी दिली.

मोठ्या बाबूंनी शेवटी लिहिलं आहे, ‘बँकेच्या कामानिमित्त मी परवा तिकडे जाऊन आलो. मास्तर भेटले. म्हणत होते, विद्यार्थी हुशार आहे, पण मागच्या बाकावर बसायला तयार नाही.’